मासळीच्या गाडीतला बर्फ

माझ्या दोन वर्षांच्या भाचीचं तोंड आलं, तेव्हा आमच्या घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. आई म्हणाली, उष्णता. शेजारच्या काकू म्हणाल्या, दाढा येऊन राह्यल्या. औषधाच्या दुकानवाल्याने पोरीकडे न बघताच जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पट्टी कापून दिली. आणि छपाईवाले काका, ज्यांच्या छापखान्यात बसून मी अक्षरं ओळखायला शिकले, ते दारातूनच म्हणाले, "हे फवारणीचं आहे. कंपनीचं पाप आहे हे."

मला काकांचं कारण सगळ्यात जवळचं वाटलं. वाटणारच. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा पांढरकवड्याच्या सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळे त्यांनी लिहिलेल्या पत्रकांवर त्यांचं नाव कधीच नसायचं. पण मजकूर आमच्या स्वयंपाकघरात तयार व्हायचा आणि काकांच्या छापखान्यात छापला जायचा. चुकलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं केली, त्यांचीच कव्हरं पुस्तकांना घातली, आणि दिवाळीचा चिवडा त्यांच्याच पुड्यांतून शेजारी वाटला. इतर पोरी गोष्टी ऐकत झोपल्या असतील. मी कापसाच्या भावाची मागणी ऐकत झोपले. यवतमाळला कॉलेजात गेले तोवर बाबांचा हात थकला होता आणि पत्रकं मी लिहायला लागले होते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. काकांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. ताईचं सासर बाभुळगावकडचं, घरची शेती. त्या वर्षी चांगल्या भावाची वाट बघत त्यांनी कापूस विकलाच नव्हता. ओसरी भरली, देवघरासमोरची जागा भरली, शेवटी ताईच्या झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचला. अंगाला खाज सुटते म्हणून ताई पोरीला घेऊन माहेरी आली होती. तोवर पोर त्या कापसाच्या ढिगावरच लोळायची, झोपायची. आणि कापसावर काय काय मारलं जातं ते जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज नव्हती. फवारणी करून आलेल्या माणसांचे लाल डोळे आणि थरथरते हात मी स्वतः बघितले होते. त्यामुळे आमच्यासारख्या घरात पोरीच्या तोंडात फोड दिसले की कंपनीच दिसायची.

पण मी पोरीचं तोंड बघितलं होतं आणि मला शंका आली होती. हिरड्या सुजून लालभडक झालेल्या, ब्रश लावला की रक्त. जिभेवर, गालाच्या आत, ओठांवर बारीक बारीक पिवळट चट्टे. लाळ गळत होती, तोंडाला वास येत होता आणि ती काही गिळत नव्हती. दुधाची बाटली दिसली तरी मान फिरवायची.

सकाळच्या एसटीने ताईची सासू आली. नातीचा जीव की प्राण असलेली बाई. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"टाकणखार आहे का वो विहीणबाई, घरात? मधात कालवून तोंड घासून काढते. आमच्या चारी लेकरायचे तोंडं म्या असेच साफ केले."

"मावशी, घासू नका," मी म्हणाले. "आधीच रक्त येऊन राह्यलं."

"तू कालेजात शिकते ते कालेजात ठेव, बाई. लेकराचं तोंड काय असते, मले नोको सांगू."

"मग डॉक्टरीणबाईला सांगू द्या. चला."

ताई सासूसमोर बोलायचीच नाही. लग्नाआधी मला झिंज्या धरून ओढणारी माझी बहीण, सासूसमोर पदर सावरत उभी राहायची आणि मला तिचा राग यायचा. त्या दिवशी मात्र तिने मुकाट्याने पोर उचलली आणि चप्पल घातली. मावशीही आमच्यामागे आली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ होत्या, हाताने नाही. त्यांनी पोरीला ताईच्या मांडीवर आडवी घेतली, टॉर्च पेटवला, चमच्याच्या दांड्याने गाल हळूच बाजूला केला. मग पोरीचे तळहात बघितले, तळपाय बघितले, मानेखालच्या गाठी चाचपल्या.

"आधी काय आलं? ताप की फोड?"

"ताप," ताई म्हणाली. "चांगला फणफणून. मग हिरड्या सुजल्या. फोड नंतर दिसले."

तेवढ्यात मी मध्ये बोलले. पोर कापसावर झोपत होती, फवारलेल्या कापसावर, त्याचं असेल का, असं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च बंद केला.

"फवारणीच्या औषधाने तोंड भाजलं तर जिथे लागलं तिथे भाजतं. आधी ताप येत नाही, आणि असे बारीक फोड हिरड्या सुजवून सगळीकडे उठत नाहीत. हातापायावर पुरळ असतं तर मी दुसरा एक आजार म्हटला असता. फक्त घशात मागे असते तर तिसरा. हे विषाणूचं आहे. लहान पोरांना पहिल्यांदा होतं तेव्हा असंच जोरात होतं." मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाच्या ओठावर फोड आले होते का? तापानंतर येतात तसे?"

ताईने खाली बघितलं. मी मात्र वर बघितलं. मावशीने पदर ओठांवर ओढला होता, पण त्याआधी मला खपली दिसली होती.

"म्हंजे म्या देल्लं?" मावशी एकदम म्हणाली. "म्या माह्या नातीले देल्लं? मुका घेतला ते पाप झालं का?"

"पाप नाही, आजी. हा विषाणू गावात कोणाच्या अंगात नसतो ते विचारा. एकदा शिरला की आयुष्यभर मुक्काम करतो. फोड आले असताना मुका घ्यायचा नाही, उष्टा घास भरवायचा नाही, एवढंच."

मावशी बाहेर जाऊन बाकावर बसली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मी तिथेच पाठ केलं, कारण पत्रकासारखं मला सगळं पाठ व्हायचं. विषाणू मारायचं औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत द्यायचं असतं, ती वेळ टळली होती. अँटिबायोटिक गोळ्यांचा उपयोग नाही. टाकणखार नाही, घासणं नाही, दुकानातलं कसलंही मलम आपल्या मनाने लावणं नाही. तापाचं आणि दुखण्याचं औषध वजनाप्रमाणे, तेही खाण्यापिण्याच्या थोडं आधी, म्हणजे दुखणं कमी असताना पोटात काही जाईल. तोंडातलं बोट डोळ्याला लागू द्यायचं नाही. वाटी, चमचा, टॉवेल वेगळा. आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप बरं होईल.

"तोवर एकच काम. तिला पाजायचं. फोडांनी पोरं मरत नाहीत, पाणी कमी पडलं तर अवघड होतं. आंबट नको, तिखट नको, गरम नको. थंड द्या. बर्फासारखं थंड. दूध-साखर गोठवून चमच्याने चाटवा. तोंड बधिर झालं की मग पाणी पिईल. लघवीवर लक्ष ठेवा. उद्या दुपारपर्यंत लंगोट कोरडाच राहिला तर यवतमाळला न्या, सलाईन लागेल."

"ताप हाय आन् थंड?" मावशी दारातून म्हणाली. ती सगळं ऐकत होती.

"हो. ताप आहे आणि थंड."

घरी आल्यावर यावरूनच पेटलं. गंमत अशी की आमच्याकडे तोंड आलं म्हणजे उष्णता, म्हणून थंड द्यायचं. आणि ताप आला म्हणजे थंड अजिबात द्यायचं नाही. पोरीला दोन्ही होतं. आई एकदा सब्जाची डबी काढायची, एकदा आत ठेवायची. मावशी म्हणायची, हिवाळ्यात बर्फ चारला तर छातीत कफ होईल आणि पोर हातची जाईल. आणि बर्फ तरी होता कुठे? भारनियमनाने दिवसातले बहुतेक तास वीज नसायची. शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये त्या कांदे आणि इस्त्रीचे कपडे ठेवायच्या. कुल्फीवाला थंडीत गावाकडे गेलेला. आम्ही माठातलं पाणी दिलं. पोरीने एक घोट घेतला आणि अशी किंचाळली की ताईच्या हातून पेला पडला.

संध्याकाळी काका आले. दुसऱ्या दिवशी चौरस्त्यावर कापसाच्या भावासाठी रास्ता रोको होता. पत्रक माझं होतं, गावोगाव वाटून झालं होतं. काका खुर्चीच्या काठावर बसले.

"एक सांगून राह्यलो, ऐक. उद्या पोरीले मंडपात आण. ताईच्या मांडीवर बसव. मी माइकवर सांगतो, कापसावर झोपलेल्या लेकराचं तोंड पाहा म्हणून. पेपरवाले येऊन राह्यले. एक फोटो हजार पत्रकाइतका."

"काका, हे फवारणीचं नाही. डॉक्टरनी बघितलं."

"सरकारी डॉक्टर! तो काय म्हणन? सरकारच्या विरोधात म्हणन का?"

"तिने पोरीचे तळपाय बघितले, काका. तुम्ही अजून तोंडही नाही बघितलं."

काका दुखावले. मला ते दिसत होतं. या माणसाने फवारणीने झोपवलेली माणसं बैलगाडीतून दवाखान्यात नेली होती. त्यांचा राग खरा होता. पण राग खरा असला म्हणून त्याने धरलेली प्रत्येक गोष्ट खरी होत नाही.

"तुले कंपनीची बाजू घ्यायची हाय का?" ते म्हणाले.

मी उभी राहिले. "कंपनीवर मी उद्याही लिहीन, परवाही लिहीन. ज्यांना खरंच बाधा झाली त्यांची नावं घेऊन लिहीन. पण हिचं तोंड दाखवून नाही. उद्या कोणी डॉक्टर उठून म्हणाला, हा विषाणू आहे, तर ज्यांची खरी बाधा आहे त्यांचंही लोक ऐकणार नाहीत. मग कापसाचा भावही खोटाच म्हणतील. आणि ती आजारी आहे, काका. ती बॅनर नाही."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा चहा फुंकत होते. आयुष्यभर नाव न लावता लिहिणारा माणूस. ते एवढंच म्हणाले, "आता लिहिणारी ती हाय. तिले विचार."

काका चहा न घेता गेले.

सकाळी पोरीचा लंगोट कोरडा होता. ताईने तो दोनदा हाताने चाचपला, मग गालाला लावून बघितला. दुखण्याचं औषध दिलं, थोडं थांबून पाणी दिलं, निवलेलं दूध दिलं. पोर ओठ घट्ट मिटून मान हलवत राहिली. तिचं रडणं आता बारीक झालं होतं, आणि रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "दुपारी रस्ता बंद राहीन ना? मंग यवतमाळला कशी नेऊ?"

"दवाखान्याच्या गाडीला सोडतात," मी म्हणाले. पण ज्या चौरस्त्यावरून ती जाणार होती तो अडवणारं पत्रक माझं होतं. ते पत्रक चूक नव्हतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

मी चौरस्त्यावर गेले. बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या, सतरंज्या अंथरल्या होत्या, बायका घोषणा देत होत्या. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ट्रकांची रांग. आणि त्या रांगेत एका ट्रकाखाली रस्ता ओला होता. ताडपत्रीतून थेंब गळत होते. पाच पावलांवरून मासळीचा वास आला. ट्रक आंध्रातून आला होता.

ड्रायव्हर टायरला टेकून बिडी ओढत होता. मी सरळ विचारलं, "भैया, बर्फ दोगे?"

"बरफ?" त्याने मला खालून वर बघितलं. "मच्छी छोड के बरफ मांगरे? मेरेकू हौला, पागल समझे क्या?"

"घरमें बच्ची बीमार है. मुंहमें छाले है. कुछ पीती नही."

तो उठला, पण तेवढ्यात काका गर्दीतून आले. आंदोलनात त्यांची शिस्त कडक असायची. "अडवलेल्या गाडीले हात लावायचा नाही! उद्या छापतीन, कास्तकारांनी ट्रक लुटला म्हणून. कोण हाय ते?" मग त्यांनी मला ओळखलं. "तू? कायले पाह्यजे तुले बर्फ?"

"तिच्यासाठी. जिला तुम्ही मंडपात बोलावलं होतं."

माझा आवाज चढला होता. सतरंजीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. एक म्हणाली, "काय वं, मासोळी घ्याले आली का? भाव विचार, कापसापेक्षा जास्त असन." सगळ्या हसल्या.

काका हसले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "अपनी मर्जीसे दे रहे ना?"

"मर्जीसे," ड्रायव्हर म्हणाला आणि ताडपत्रीची दोरी सोडली. लोखंडी सळीने त्याने बर्फाचा मोठा तुकडा फोडला. मी घरून काहीच आणलं नव्हतं. काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून जमिनीवर पसरला, बर्फ त्यात बांधला आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. मी पळत सुटले. रस्ताभर पाणी गळत होतं आणि कुत्री मागे लागली होती.

अंगणात पाऊल टाकताच मावशीने पदर नाकाला लावला. "मासोळीचा बर्फ? या घरात? आन् तो लेकराच्या तोंडात घालतं?"

आईही दचकली. आमच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं, पण ताई माझ्या आधी उठली. तिने पोर आईच्या हातात दिली, घमेलं ओढलं, बर्फ त्यात टाकून वरवंट्याने फोडला. बरणीतलं खडेमीठ मुठीमुठीने त्यावर ओतलं. मग दूध-साखरेचा स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा, त्या बर्फात खोचून गोल गोल फिरवायला लागली.

"सूनबाई," मावशी म्हणाली, "म्या काय म्हणून राह्यली?"

ताईचे हात थांबले नाहीत. "आत्याबाई, बर्फ बाहेर आहे, दूध आत आहे. मधी डबा आहे. मासोळी पोरीले लागत नाही." आणि मग, मान वर करून, "तुमचं फार ऐकलं मी. आज नाही ऐकत."

मी इतक्या सभा बघितल्या होत्या. एवढं चांगलं भाषण ऐकलं नव्हतं.

डब्याच्या कडेला दूध गोठायला लागलं. ताईने झाकण पुसलं, हात साबणाने धुतले, वेगळ्या ठेवलेल्या चमच्याने बर्फाळ दुधाचा कीस खरवडला. पोरीने मान फिरवली. ताईने चमचा ओठाला नुसता टेकवला आणि तसाच धरला. रडणं थांबलं. जीभ बाहेर आली, चमच्याला लागली, आत गेली. पुन्हा बाहेर आली. तिसऱ्या खेपेला तिने चमचा दोन्ही हातांनी पकडला आणि तो ताईला परत देईना.

अर्धा डबा संपल्यावर तिने पाणी घेतलं. घोट घोट, चेहरा वाकडा करत, पण घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा दूध, पुन्हा पाणी. ताईच्या हाताला मिठाने आणि बर्फाने भेगा पडल्या होत्या. मावशी बाजूला भिंतीला टेकून बसली होती. कोणी काही न म्हणता ती पुढे सरकली. पदराने स्वतःचं तोंड नीट झाकून घेतलं आणि हात पुढे केले. ताईने क्षणभर बघितलं आणि पोर तिच्या मांडीवर दिली. पोर तिथेच पेंगली.

आम्ही बसून राहिलो. आई सारखी लंगोटाकडे बघत होती. मावशी मांडी हलवत होती. मग ती मांडी एकदम थांबली.

"अगं बाई," मावशी म्हणाली. "अगं बाई, अगं बाई! मुतली वो! विहीणबाई, मुतली! भरून मुतली माही माय!"

ताई रडायला लागली, मग हसायला लागली. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावून विचारायला लागल्या, काय झालं, काय झालं. मी मावशीला म्हणाले, "उठा, लुगडं बदला. मी घेते तिला."

"राहू दे," मावशी म्हणाली. "निजली हाय. ओलं तर ओलं."

फोड जायला अजून दिवस लागणार होते, हिरड्या अजून लाल होत्या. पण यवतमाळला जायची गरज उरली नव्हती. मी काकांचा दुपट्टा पिळला. मासळीचा वास गेला नव्हता. तो तसाच घेऊन मी चौरस्त्यावर गेले.

ऊन कलतीला लागलं होतं. ट्रक तसेच उभे होते, घोषणा तशाच चालू होत्या. काकांनी मला लांबून येताना बघितलं आणि उठून उभे राहिले.

"पोरगी?"

"मुतली."

त्यांनी दुपट्टा माझ्या हातातून घेतला, खांद्यावर टाकला आणि सतरंजीवर सरकून जागा केली. मी बसले. पुढची घोषणा मी दिली, आणि ती कापसाच्या भावाची होती.